घराची पूर्वतयारी

उत्पला खोब्रागडे कॉलेज सोडून घरी परत आली, तेव्हा ती अजून अकरावीतच होती.

परत आली ती पडद्यावरची उत्पला. खरी उत्पला गौरकार मॅडमच्या खोलीत बसून तो पडदा बघत होती.

"पुन्हा एकदा चालवा ना मॅडम."

"चालवलं. दोनदा चालवलं." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दहांतल्या सात वेळा तू दिवाळीच्या आत घरी येतेस. नापास होऊन नाही. सगळं बरं चाललेलं असतं आणि एक दिवस तू बॅग भरतेस."

"मी असं का करेन?"

"तेच मी तुला विचारून राहिली."

भद्रावतीच्या त्या शाळेत चार वर्षांपूर्वी 'पूर्वतयारी' सुरू झाली होती. शाळेतून कॉलेजात गेलेली मुलं पहिल्याच वर्षी मोठ्या संख्येनं गळतात, विशेषतः ज्यांच्या घरातून आधी कुणी कॉलेजात गेलेलं नसतं अशी. म्हणून अकरावी-बारावीच्या मुलांना निवडून त्यांना संध्याकाळचे जादा तास, इंग्रजीतली व्याख्यानं ऐकण्याचा सराव, वसतिगृहात राहून बघायची संधी असं सगळं द्यायचं, ही कल्पना. आणि त्या सगळ्याच्या मुळाशी होतं ते प्रतिरूप.

प्रतिरूप कसं चालतं हे मॅडम दरवर्षी नव्या मुलांना हवामानाच्या उदाहरणानं सांगत. उद्या पाऊस पडेल का, हे ठरवताना संगणक आजची हवा एकदाच पुढे ढकलून बघत नाही. तापमानात, वाऱ्यात जरा जरा फरक करून तो तीच हवा शेकडो वेळा पुढे ढकलतो. बहुतेक वेळा पाऊस पडला, तर अंदाज पावसाचा. इथे हवेच्या जागी माणूस. गणित अडलं की उत्पला किती वेळ झुंजते, चूक झाल्यावर दुसऱ्या दिवशी कशी वागते, झोप कशी लागते, कोणत्या दिवशी पुस्तकाला हातच लावत नाही, हे सगळं तिच्या अभ्यासाच्या डिजिटल पाटीवरून आणि मनगटावरच्या बँडवरून वर्षभर गोळा व्हायचं. त्यातून आकड्यांची एक उत्पला तयार व्हायची. मग तिला आकड्यांच्याच एका कॉलेजात सोडायचं. तिथे परकं वसतिगृह, समजत नसलेला तास, पहिल्या परीक्षेतला फटका, घरून येणारे फोन असं सगळं असायचं. असं हजारो वेळा करायचं, दर वेळी थोडा फरक करून, आणि ती कुठे अडखळते ते पाहून आत्ताच तेवढी बाजू भक्कम करायची.

यंत्र हुशार होतं, पण त्याला फक्त वागणं कळायचं. कारण कळायचं नाही.

आणि एक नियम होता. हा सगळा खटाटोप महागडा असल्यामुळे शाळेला मोजक्याच जागा मिळत. ज्याचा कॉलेजात टिकण्याचा अंदाज ठरावीक रेषेच्या खाली येईल, त्याला अकरावीनंतर मोकळं करायचं आणि बाहेर थांबलेल्याला आत घ्यायचं. बाहेर पहिलं नाव होतं शबाना शेखचं. ती उत्पलाच्याच बाकावर बसायची.

"तुझ्या घरी काय असतं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. मी आणि बाबा."

मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. तिच्या प्रत्येक दिवसाच्या पट्टीत संध्याकाळचा एक तुकडा कोरा होता. "मग हे काय? रोज या वेळेला तू बँड काढून ठेवतेस."

उत्पला ओशाळून हसली. "हातवारे केले की त्याला वाटतं मी व्यायाम करून राहिली. मग ते मला पाणी प्या म्हणून सांगत बसतं."

"कसले हातवारे?"

*

दुसऱ्या दिवशी मॅडम बस स्टँडमागच्या दुकानात आल्या. प्रमोद खोब्रागडे बॅटरीवरच्या रिक्षा आणि स्कूटर दुरुस्त करत. ते जन्मापासून बहिरे होते. दुकानात एक रिक्षावाला तावातावानं बोलत होता आणि उत्पला काउंटरला टेकून त्याचं बोलणं हातांनी बाबांना सांगत होती, बाबांचं उत्तर तोंडानं त्याला सांगत होती. मधेच तिनं रिक्षावाल्याची एक शिवी गाळली. बाबांनी ते बरोबर ओळखलं आणि भुवई उडवली. रिक्षावालाही हसला. गिऱ्हाईक शांत होऊन गेलं.

मॅडम पाहत राहिल्या. "ही खुणांची भाषा तू कुठे शिकलीस?"

"ही खुणांची भाषा नाही मॅडम. म्हणजे ती बहिऱ्या लोकांची असते ना, शाळेत शिकवतात ती, ती नाही. ही आमची आहे."

बाबा बहिऱ्यांच्या शाळेत कधी गेले नव्हते. लहानपणी खेड्यात त्यांनी स्वतःच काही खुणा तयार केल्या होत्या. लग्न झाल्यावर उत्पलाच्या आईनं, जिला उत्तम ऐकू येत होतं, त्यांत आपल्या खुणांची भर घातली. नाकातली चमकी फिरवली की आई. कानामागे बोट नेलं की उत्पला. त्या भाषेत तुम्ही नव्हतं, सगळे तू. उत्पला नऊ वर्षांची असताना आई तापानं गेली. तेव्हापासून ती भाषा येणारी जगात दोनच माणसं उरली होती.

"पण आता तर फोन आहेत," मॅडम म्हणाल्या. "बोललेलं लिहून दाखवतात. खुणाही ओळखतात."

"बाबांना वाचता येत नाही. आणि खुणा ओळखणाऱ्या फोननं ती शाळेतली भाषा हजारो तास बघितलेली असते. आमची कुठून बघणार? एकदा बाबांनी चहा मागितला, तर फोन म्हणाला, विमानतळ."

मॅडम हसल्या नाहीत. त्या कोऱ्या तुकड्यांबद्दल विचार करत होत्या. यंत्राला उत्पलाची संध्याकाळ कधी दिसलीच नव्हती. बॅग का भरली जाते, ते त्यांना आता समजलं होतं. ही मुलगी नागपूरला गेली, की त्या दुकानातला माणूस दुसऱ्या कुणाशी एक वाक्यही बोलू शकणार नव्हता.

*

उत्पलाला काढण्याआधी प्रतिरूप पुन्हा चालवून बघायला मॅडमनी जिल्हा कार्यालयाकडून मुदत मागून घेतली. मग उत्पलाला बोलावून समोर बसवलं.

"चंद्रपूरला बहिऱ्या लोकांची संस्था आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी मोठ्या माणसांना खुणांची भाषा शिकवतात. शिकवणारे स्वतः बहिरे. वाचायला येत नसलं तरी चालतं. बाबांना तिथे न्यायचं."

"त्यासाठी पूर्वतयारीतून काही मिळेल?"

"नाही. पैसा विद्यार्थ्यांसाठी आहे, बापासाठी नाही, असं मला ऐकवून झालंय." मॅडम थांबल्या. "सुरुवातीला तुला सोबत जावं लागेल. त्या दोन संध्याकाळी तुझे फिजिक्सचे जादा तास असतात. ते बुडतील, आणि त्याचे मार्क तुला कुठूनही परत मिळणार नाहीत. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही."

उत्पलाला भूजलशास्त्र शिकायचं होतं, तेही पुण्यातल्या एका विशिष्ट संस्थेत. तिथे फिजिक्सचे मार्क बघतात हे दोघींनाही माहीत होतं.

"आणि माझ्याऐवजी शबानाला घेतलं तर?"

"तर शबानाचा फायदा होईल. ती तुझ्याइतकीच लायक आहे." मॅडमनी नजर वळवली नाही. "मी तुझ्यासाठी भांडते तेव्हा तिच्याविरुद्ध भांडते, हे मला कळतं. दोघींसाठी भांडायला गेले होते. एकच जागा आहे म्हणाले."

त्या दिवशी उत्पला बराच वेळ शाळेच्या पायऱ्यांवर बसून राहिली. मग उठून तिनं फिजिक्सच्या तासातून नाव काढलं.

*

बाबा मात्र ऐकायला तयार नव्हते.

तिनं त्यांना सांगितलं: दुसरी माणसं. तुझ्यासारखी. हातांनी बोलतात. जाऊ.

बाबांनी मान हलवली. तू आहेस.

मी जाणार. शिकायला. लांब.

बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांनी कानामागे बोट नेलं, आणि दुकानातली मोडकी बॅटरी बाहेर ठेवताना जी खूण करायचे ती केली: हातानं लांब सारणं. तू मला बाहेर ठेवून चाललीस.

त्या भाषेत 'तसं नाही' असं म्हणायला एकच खूण होती, मान हलवणं. उत्पला मान हलवत राहिली आणि रडत राहिली. तिला सांगायचं होतं की मी नसले तरी तू एकटा पडू नयेस म्हणून हे सगळं चाललंय. 'नसले तरी' यासाठी त्यांच्याकडे खूणच नव्हती. समोर जे आहे ते त्या भाषेत सांगता यायचं. जे नाही, जे होऊन गेलं, जे झालं असतं, ते सांगायला जागा नव्हती.

शेवटी मॅडमनीच वाट काढली. त्या संस्थेतल्या हेमराज निकुरे नावाच्या सुताराला घेऊन दुकानात आल्या. साठीचा, दांडगा, बहिरा माणूस. तो आपली बॅटरीवरची स्कूटर ढकलत घेऊन आला होता. बाबांनी स्कूटर उघडली. हेमराजनं बाजूला बसून, काहीही न शिकवता, नुसतं स्कूटरबद्दल तक्रार करायला सुरुवात केली. चढावर कशी दम टाकते, ब्रेक दाबला की कशी हिसका देते, हे त्यानं सगळ्या अंगानं करून दाखवलं. बाबा आधी कोरे राहिले. मग त्यांनी दोन बोटांनी काहीतरी विचारलं. हेमराजनं तीच खूण आपल्या भाषेत परत करून दाखवली आणि उत्तर दिलं.

उत्पला चहा घेऊन आली तेव्हा दोघं जण चढावरून घसरणाऱ्या स्कूटरची नक्कल करत हसत होते. बाबांना दुसऱ्या कुणाबरोबर असं हसताना तिनं आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी बाबा स्वतःच दुकान लवकर बंद करून बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले.

हिवाळा संपता संपता मॅडमनी प्रतिरूप पुन्हा चालवलं. या वेळी संध्याकाळच्या कोऱ्या तुकड्यांत काय असतं, ते त्यांनी हातानं भरलं होतं. वडील, त्यांचं वाढतं बोलणं, आठवड्यातून दोनदा भेटणारी माणसं. दहांतल्या तीनच उत्पला घरी परतल्या.

"तीन आहेतच अजून," उत्पला म्हणाली.

"असू दे. शून्य दाखवलं असतं, तर मी यंत्र दुरुस्तीला पाठवलं असतं."

उत्पलाची जागा राहिली. शबानाला जागा मिळाली नाही. बारावीत फिजिक्सनं जो हात दाखवायचा तो दाखवला आणि पुणं हुकलं. नागपूरला भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला.

*

नागपूरला पहिले काही आठवडे बरे गेले. इंग्रजी तास कळत होते, पूर्वतयारीनं तेवढं केलं होतं. वसतिगृहातलं जेवण, कपडे धुण्याच्या रांगा, पहिल्या चाचणीतला भोपळा, या सगळ्याची तालीम झालेली होती. इतर मुली हादरल्या तिथे ती फारशी हादरली नाही. मनातल्या मनात ती मॅडमचे आभार मानायची.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एका रविवारी मात्र ती सकाळी उठली आणि कारण नसताना बॅग भरायला लागली. अर्धी भरल्यावर तिच्या लक्षात आलं, की हाच तो दिवस. ती थोडी घाबरली, आणि तरीही बसमध्ये जाऊन बसली. रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे बाबा होते. बंद दुकान, एकटे बाबा, कुणाशी तरी बोलण्यासाठी शिवशिवणारे हात.

दुकान खरंच बंद होतं. शेजारचा पानवाला बाहेर आला.

"अवं, तू कशी काय आली? तुझे बाबा त ताडोब्याले गेले."

"कुठे?"

"ताडोब्याले. वाघ पाहाले. ती सारी मंडळी आली होती सकाळी गाडी घेऊन. लय गडबड करून राहिले होते बाप्पा, हातांनीच, पण गडबड!"

उत्पला दुकानाच्या पायरीवर बसली. आधी तिला राग आला, चांगलाच. आपण इतक्या लांबून धावत आलो आणि हा माणूस वाघ पाहायला गेला! मग तिला आपल्या रागाचं हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मागे झाडं, गर्दी, कुणीतरी डबा उघडत होतं. बाबांनी भराभर काहीतरी सांगितलं. त्यातलं निम्मं तिला समजलंच नाही. ते संस्थेतल्या भाषेत बोलत होते आणि तिची ती भाषा कच्ची राहिली होती. तिनं 'पुन्हा सांग' म्हटल्यावर बाबा क्षणभर थांबले, जुनी खूण शोधली आणि सावकाश सांगितलं. वाघ. नाही दिसला. माकडं. खूप.

संध्याकाळच्या बसनं ती नागपूरला परत गेली.

त्यानंतर ती दर सुट्टीत घरी गेली, आणि दर वेळी तिला घरातल्या जुन्या खुणा कमी झालेल्या दिसल्या. आधी चहाची गेली, मग पावसाची, मग झोपेची. शेवटी आईची उरली. बाबांना आता ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलता येत होतं. फोनही त्यांचे हात ओळखायचा आणि गिऱ्हाइकाला मराठीत ऐकवायचा. वसतिगृहाच्या खोलीत उत्पला कधीकधी एकटीच त्या जुन्या खुणा करून पाहायची.

*

ती तिसऱ्या वर्षाला असताना पूर्वतयारी चालू ठेवायची की बंद करायची, यासाठी समिती नेमली गेली. नागपूरला सुनावणी झाली. मॅडमनी उत्पलाला बोलावलं. बाबा हेमराजबरोबर आपणहून आले.

समितीच्या अध्यक्ष साखरे बाई निवृत्त प्राचार्य होत्या. त्यांनी थेट विचारलं, "तुला यातून काय मिळालं आणि त्याची किंमत काय पडली? दोन्ही सांग."

उत्पला उभी राहिली. "मिळालं ते समोर आहे. मी इथे उभी आहे. माझ्याबरोबरच्या मुली पहिल्या वर्षी ज्या ज्या गोष्टींनी मोडल्या, त्या मी आधीच बघितल्या होत्या. त्यासाठी मी आयुष्यभर ऋणी राहीन, विशेषतः गौरकार मॅडमची. किंमत म्हणाल, तर माझा पुण्याचा प्रवेश गेला. माझ्या घरात एक भाषा होती, तीही आता जवळजवळ संपली. या दोन मी स्वतः मोजल्या, माझी तक्रार नाही. पण तिसरी किंमत मी मोजलेली नाही. शबाना शेख माझ्यामुळे बाहेर राहिली. ती यंदा नर्सिंगला लागली, दोन वर्षं उशिरा, स्वतःच्या हिमतीवर. आपला अंदाज सांगतो की कोण गळेल. त्यावरून गळणाऱ्याला आधार द्यायचा, की त्याला काढून दुसऱ्याला घ्यायचं, हे यंत्र ठरवत नाही. ते आपण ठरवलं होतं. तेवढं बदला."

साखरे बाई काहीतरी लिहून घेत होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून बाबांनी हात वर केला.

सवयीनं उत्पलाचे हात उठले. पण संस्थेनं पाठवलेली दुभाषी, ऋतुजा नावाची तरुणी, आधीच पुढे येऊन उभी राहिली होती.

"तू बस," साखरे बाई उत्पलाला म्हणाल्या. "त्यांना बोलू द्या."

उत्पला बसली. बाबांचे हात हलू लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांचं बोलणं दुसऱ्या माणसाच्या आवाजात ऐकलं.

"ही झाली तेव्हा," ऋतुजा म्हणाली, "नर्सनं तिच्याजवळ टाळी वाजवली. बाळ दचकलं. सगळे हसले, बाळाला ऐकू येत होतं. मी एकटा घाबरलो. मला वाटलं, हिला ऐकू येतं म्हणजे ही त्यांची. माझी नाही होणार. मी दवाखान्याबाहेर जाऊन बसलो. दिवसभर आत गेलो नाही. संध्याकाळी हिची आई भिंतीला धरत धरत बाहेर आली. बाळ काखेत होतं. तिनं बाळाचा एवढासा हात धरला आणि त्या हातानं माझी खूण केली. बाळाला तेव्हा काहीच कळत नव्हतं. पण हिनं उच्चारलेलं पहिलं नाव माझं आहे."

उत्पलाला हे माहीत नव्हतं. यातलं काहीच माहीत नव्हतं.

"हे मला तिला सांगायचं होतं," ऋतुजा बाबांच्या हातांकडे पाहत म्हणाली. "आमच्या भाषेत आई होती, बाळ होतं, भीती होती. पण 'तेव्हा मला असं वाटलं होतं, आणि तसं झालं नाही' हे म्हणता येत नव्हतं. आता येतं. मला ते चंद्रपूरला मिळालं, आणि तिथे मला या मॅडमनी पाठवलं. बाकी कार्यक्रम चालवायचा की नाही, ते तुम्ही बघा."

बाबा खाली बसले.

पुढे समितीनं पूर्वतयारी चालू ठेवली. जागा वाढल्या नाहीत, पण अंदाजावरून मुलांना काढायचा नियम गेला आणि घरच्या माणसांसाठी थोडी तरतूद झाली. मॅडम म्हणाल्या, अर्धं काम झालं.

पण ते नंतर. त्या दिवशी सुनावणी संपल्यावर उत्पला आधी गौरकार मॅडमकडे गेली आणि सगळ्यांसमोर वाकून त्यांच्या पाया पडली. "अगं, काय करून राहिली हे," म्हणत मॅडम दोन पावलं मागे सरल्या, आणि मग पदरानं डोळे पुसत बसल्या.

नंतर ती व्हरांड्यात बाबांपाशी आली. तिची संस्थेतली भाषा अजून अडखळत होती. तिनं जपून, एकेक खूण जुळवत विचारलं, "आईचं असं अजून किती सांगायचं राहिलंय?"

बाबांनी तिची एक चूक दुरुस्त केली. मग म्हणाले, "खूप. तुझी वसतिगृहाकडची बस कधी आहे?"

"जाऊ दे ती बस," उत्पला म्हणाली, आणि त्यांच्या समोर, हात नीट दिसतील अशी, बसली.